वैद्याचा प्रश्न आणि विद्यार्थ्याचे उत्तर

वैद्याकडे गेलेल्या मुलाची नाडी, जीभ, डोळे व वजन ही पाहिली जातात, आणि त्यात कोणासही अपमान वाटत नाही. परंतु त्याच वैद्याने पंधरा वर्षांच्या मुलास, “तंबाखू खातोस काय? दारू कधी घेतलीस काय?” असे विचारले, की मुलगा खाली पाहू लागतो व शेजारी उभा असलेला पिता रागावतो. आपल्या कुळावर आळ आला असे त्यास वाटते. वस्तुतः हा प्रश्न म्हणजे आळ नव्हे. तो तपासणीचाच एक भाग होय. तो कोणास, कोठे व कसा विचारावा, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

हा प्रश्न किशोरवयातच का विचारावा? मनुष्याच्या मेंदूची वाढ विशी उलटल्यावरही चालू असते, व संयम राखणारा त्याचा पुढील भाग सर्वांच्या शेवटी पक्व होतो. म्हणून या वयातील सवय लवकर जडते व कष्टाने सुटते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारकरिता केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांत शेकडा ०.५८, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत शेकडा १.१७ आहे. पंक्चर काढण्याचे सोल्यूशन, व्हाइटनर, पेट्रोल हेच ते पदार्थ. ज्या वस्तूस वडीलधारी माणसे व्यसन म्हणून ओळखतही नाहीत, ती मुलाच्या दप्तरात असू शकते. घरात आजी मशेरी लावते, आजोबा नातवाकडूनच तंबाखूची पुडी मागवितात. तेथे प्रारंभ कोठे झाला हे मुलास तरी कसे कळावे?

आता प्रश्न विचारण्याच्या प्रसंगाविषयी. अमेरिकेत निरोगी मुलासही वर्षातून एकदा वैद्याकडे नेण्याची चाल आहे, व अशा प्रत्येक भेटीत व्यसनाविषयी विचारपूस करावी असे तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली सांगितले. आमच्या वाटूरसारख्या गावी दुखण्यावाचून कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. तथापि आमच्याकडेही एक नियमित भेट आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून निदान एकदा तपासणी व्हावयाची असते. त्या तपासणीच्या कागदावर किशोरांकरिता जे प्रश्न आहेत, त्यांत व्यसनाचाही प्रश्न आहे.

म्हणजे प्रश्न आहे, पण उत्तर देण्यास जागा नाही. मुले ओळीने उभी, मागचा पुढच्याचे ऐकत असलेला, आणि दाराशी शिक्षक! अशा वेळी “नाही” याखेरीज दुसरे उत्तर कोण देईल? शिवाय गाव लहान. दवाखान्यातील कंपाउंडर मामाच्या ओळखीचा. सकाळी बोललेली गोष्ट दुपारी फाट्यावरील चहाच्या दुकानी व सायंकाळी बापाच्या कानी जाईल, ही मुलाची भीती खोटी नव्हे. ती दूर करणे वडील माणसांचे काम आहे.

त्याकरिता चार नियम पाळावे. पहिला, प्रश्न सर्वांस विचारावा. निवडक मुलांस विचारल्यास तो आळ ठरतो. दुसरा, मुलास एकट्यास विचारावा. खोली नसल्यास पडदा लावावा, व आईबापांनी आणि आम्हा शिक्षकांनी बाहेर थांबावे. तिसरा, वैद्याने आरंभीच सांगावे की, “तुझे बोलणे मी कोणास सांगणार नाही, मात्र तुझ्या जिवास धोका असल्यास अथवा कोणी तुझ्यावर अत्याचार करीत असल्यास मला सांगावे लागेल.” चौथा, उत्तर ऐकून रागावू नये.

बोस्टन येथील वैद्यांनी १९९९ साली ‘क्राफ्ट’ नावाची सहा प्रश्नांची एक परीक्षा प्रसिद्ध केली. नशेत असलेल्याच्या वाहनातून गेलास काय, अथवा स्वतः तसे चालविलेस काय? मन हलके करण्यास किंवा मंडळीत मिसळण्यास नशा घेतोस काय? एकटा असता घेतोस काय? त्या भरात केलेले विसरतोस काय? घरचे वा मित्र कमी कर म्हणतात काय? त्यापायी संकटात सापडलास काय? दोन वा अधिक प्रश्नांस “होय” असे उत्तर आल्यास अधिक तपासणी करावी, असा संकेत आहे. पहिला प्रश्न आम्हास विशेष महत्त्वाचा वाटतो. जालना–मंठा रस्त्यावर मित्राच्या मोटारसायकलीवर मागे बसणाऱ्या मुलाने स्वतः थेंबही घेतला नसेल. तरी धोका त्याच्याही जिवास आहे.

उत्तरानंतर काय? ज्याने काही घेतले नाही, त्यास शाबासकी द्यावी. ज्याने क्वचित घेतले, त्याच्याशी वैद्याने पाच मिनिटे शांतपणे बोलावे. ज्यास सवय जडली, त्यास समुपदेशकाकडे पाठवावे. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात याकरिता स्वतंत्र केंद्रे आहेत. महाराष्ट्रात त्यांस ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. आणि कायदा पाहिला तर बाल न्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ७७ अन्वये मुलास दारू, तंबाखू अथवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम देणाऱ्यास शिक्षा सांगते, घेणाऱ्या मुलास नव्हे.

विद्यार्थ्यांनो, पोटात दुखत असता पाय दाखविणाऱ्यास औषध लागू पडत नाही. यंदा तपासणीची गाडी शाळेत येईल तेव्हा तुम्हांस हा प्रश्न विचारला गेला, तर खरे उत्तर द्या. आणि कोणी विचारलाच नाही, व मनात काही बोचत असेल, तर “डॉक्टर, मला एकट्याने बोलावयाचे आहे,” एवढेच म्हणा. पडदा लावून ठेवण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे राहील.