लोखंडी मांडण्यांची घाऊक खरेदी

बियाण्याच्या गोणी जमिनीवर ठेविल्यास त्यांस ओल लागते. म्हणून कोठारांत लोखंडी मांडणी असणें इष्ट होय. छिद्रें पाडलेले पोलादी अँगल लंडन येथील छापखान्याचे मालक डेमेट्रियस कोमिनो यांनीं १९४७ सालीं बाजारांत आणिले. त्यांची मांडणी सुटी करितां येते व सुटे भाग एकावर एक रचून थोड्या जागेंत नेतां येतात. जोडलेली मांडणी आणिल्यास रिकाम्या जागेचेंहि भाडें पडतें. यास्तव गांवच्या शेतकऱ्यांनीं मिळून घाऊक व्यापाऱ्याकडे एकच मागणी नोंदवावी, असें आम्ही सुचवितों.

भाव ठरविण्यापूर्वीं पत्र्याची जाडी व प्रत्येक फळीस पेलणारा भार लेखी घ्यावा. हा आंकडा बहुधा सारख्या पसरलेल्या ओझ्याचा असतो. तेंच ओझें मधोमध आल्यास फळी वांकते. चार फळ्यांवर ५० किलोंच्या दोन दोन गोणी ठेविल्या, तर एकंदर भार ४०० किलो, म्हणजे प्रत्येक पायावर सुमारें १०० किलो होतो. मातीच्या जमिनींत पाय रुतून मांडणी कलण्याचें भय असतें. म्हणून पायाखालीं फरशी द्यावी, जड गोणी तळाशीं ठेवाव्या व मांडणी भिंतीस जखडावी. थोड्या पैशांच्या बचतीसाठीं पातळ पत्रा घेऊन पुढील हंगामाचें बियाणें धोक्यांत घालूं नये, अशी आमची वाचकांस विनंति आहे.