बेल्ट सँडरचा पट्टा : निवड आणि जपणूक

सुतारकामाचा व्यवसाय पत्करलेले आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज रंध्याइतकाच बेल्ट सँडरही हाताळतात. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पट्टा मात्र वारंवार. म्हणून खर्चाचा आणि कामाच्या दर्जाचा खरा निर्णय पट्टा घेतानाच होतो. त्याविषयी थोडे विवेचन येथे करीत आहोत.

पट्ट्यावरील कण कशाचे आहेत, हे प्रथम विचारावे. लाकडासाठी तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड सर्वसाधारणपणे योग्य ठरते. हे म्हणजे कृत्रिम कुरुंदच. (या दगडाच्या दक्षिण भारतीय नावावरूनच इंग्रजीत 'कोरंडम' हा शब्द गेला.) सिलिकॉन कार्बाइडचा काळा कण अधिक धारदार परंतु ठिसूळ असतो, पॉलिशच्या दोन हातांमध्ये घासण्यास तो बरा. झिर्कोनियाचा कण भरपूर दाब मिळाला तरच फुटून नवी धार धरतो. हलक्या हाताच्या कामासाठी तो महाग पट्टा घेणे, आमच्या मते, पैसे वाया घालविणे होय.

सातपुड्याच्या पट्ट्यात परिचित असलेल्या सागाच्या लाकडात तेलकट अंश असतो. त्याचा भुसा कणांमध्ये घट्ट बसतो, पट्टा गुळगुळीत होतो आणि घासण्याऐवजी लाकूड जाळू लागतो. अशा लाकडासाठी दुकानदाराकडे 'ओपन कोट' पट्टा मागावा. त्यात कण विरळ पेरलेले असतात. पाठ जाड कापडाची असावी. कागदी पाठ पावसाळ्यात दमट होऊन वाकते व फाटते.

सर्वाधिक लक्ष सांध्याकडे द्यावे. सांध्यावरून बोट फिरवून पाहावे. तेथे उंचवटा जाणवला, तर प्रत्येक फेऱ्याला यंत्र आपटेल आणि फळीवर आडव्या खुणा उमटतील. एकावर एक चढवून केलेल्या सांध्याच्या पट्ट्याला आतल्या बाजूस बाण असतो, त्याच दिशेने तो चढवावा. उलट चढविल्यास सांधा उकलतो. पातळ पट्टीने समोरासमोर जोडलेला पट्टा दोन्ही दिशांनी चालतो. मात्र दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला असेल, तर त्याचा गोंद सुटण्याची भीती असते.

माप रुंदी व परिघाचे सांगावे : ७५ × ४५७, ७५ × ५३३ किंवा १०० × ६१० मिलिमीटर. क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक. खडबडीत फळीला ६० किंवा ८०, मग १२०, शेवटी १८०. मधला टप्पा गाळला, तर जाड कणाचे ओरखडे पॉलिश चढल्यावर उघडे पडतात, आणि तेव्हा गिऱ्हाईक समोर उभे असते. सजावटीच्या प्लायवरील सागाचा पापुद्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावर ६० क्रमांकाचा पट्टा क्षणात आरपार जातो. तेथे हा यंत्राचा मोह टाळून हातानेच घासावे.

खानदेशचा उन्हाळा कडक, पावसाळा दमट. पट्टे घडी न घालता जाड गोल खुंटीवर, भिंतीपासून व पत्र्यापासून दूर टांगावेत. भुसा भरलेल्या पट्ट्यावर क्रेप रबराचा ठोकळा धरला, की तो पुन्हा चालू लागतो. घासताना नाकावर चांगला मास्क असावाच : लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे. झिजलेला पट्टा कापून लाकडी ठोकळ्यावर चिकटवावा. कडा मोडण्यास तो आणखी काही दिवस पुरतो.