माळ्याचा मुलगा आणि मांत्रिक

मुलांनो, अलिफ लैलामधील अलादीन आणि त्याचा दिवा तुम्हांला ठाऊक आहे. दिवा घासला की जिन हजर! अशीच एक गोष्ट तेलुगू लोकांची आवडती आहे. तिच्यात दिव्याऐवजी एक मूर्ती आहे. ही गोष्ट त्यांनी 1951 साली पडद्यावर पाहिली. त्या चित्रपटाचे नाव 'पाताळ भैरवी'.

उज्जैन नगरीत रामुडू नावाचा एक तरुण राहत होता. तो माळ्याचा मुलगा. त्याचे राजकन्या इंदुमतीवर प्रेम जडले. राजाने अट घातली, "माझ्याइतका श्रीमंत हो, मगच लग्न!" गरीब रामुडूने एवढे धन आणायचे कोठून?

त्याच वेळी एक मांत्रिक शूर तरुणाच्या शोधात होता. अशा तरुणाचा बळी दिला, तर पाताळ भैरवी देवी इच्छा पुरवणारी मूर्ती देणार होती. मांत्रिकाने रामुडूला धनाची लालूच दाखवली आणि आपल्याबरोबर नेले. बळी देण्यापूर्वी त्याने रामुडूला स्नानाला पाठवले. पाण्यात एका मगरीने त्याच्यावर झडप घातली. रामुडूने तिला ठार मारले आणि काय आश्चर्य! मगरीची अप्सरा झाली. शापातून सुटलेल्या त्या अप्सरेने मांत्रिकाचा कट सांगितला. रामुडू परत आला. बळी गेला, पण मांत्रिकाचाच!

मूर्ती मिळाली, महाल उभा राहिला. पण शिष्याने मांत्रिकाला पुन्हा जिवंत केले. मांत्रिकाने मूर्ती मिळवली. राजकन्या, महाल, सारे नाहीसे झाले. रामुडू पुन्हा रिकाम्या हातांनी उभा! खरे तर त्याच्या हिंमतीची परीक्षा इथून सुरू होते. आपल्या अंजी नावाच्या मित्राबरोबर तो राजकन्येला सोडवायला निघतो. शेवट मात्र तुम्हीच पाहा.

मद्रासच्या विजया प्रॉडक्शन्सने हा चित्रपट तेलुगू आणि तमिळ अशा दोन भाषांत एकाच वेळी तयार केला. आपल्याकडे प्रभात कंपनीने 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' असाच मराठी व हिंदीत काढला होता. अशा कामात एका भाषेत प्रसंग झाला की तोच दुसऱ्या भाषेत पुन्हा करायचा. तीच तलवार, तोच राग, पण शब्द नवे! दुसरी भाषा शिकताना आपली जीभ कशी अडखळते, हे तुम्हांला माहीत आहेच.

दिग्दर्शक होते के. व्ही. रेड्डी. रामुडू झाले एन. टी. रामाराव. हेच रामाराव 1983 साली आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. जानेवारी 1952 मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा तेथे 'पाताळ भैरवी' दाखवला गेला. त्याच वर्षी तो हिंदीतही आला.

पण प्रेक्षकांच्या मनात घर केले ते मांत्रिकाने! ती भूमिका एस. व्ही. रंगाराव यांनी केली. पडद्यावर तो दाढीवाला मांत्रिक चांगला वयस्क वाटतो. प्रत्यक्षात रंगाराव तेव्हा अवघे 32 वर्षांचे, रामारावांपेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठे होते. त्यांच्या तोंडचा 'डिंभक' हा शब्द तेलुगू घराघरांत पोहोचला. डिंभक म्हणजे पोर.

स्वाध्याय
1. राजाने रामुडूला कोणती अट घातली?
2. मांत्रिकाचा कट रामुडूला कसा कळला?
3. ही गोष्ट आणि अलादीनची गोष्ट यांत तुम्हांला कोणते साम्य दिसते?