पोल्ट्री सुरू करताय? शेडच्या आधी डॉक्टर ठरवा



पोल्ट्रीच्या व्हिडिओमध्ये आपण शेड, पिल्लं आणि खाद्य यांचा खर्च मांडला. आज एक राहिलेली ओळ बघू: डॉक्टरची फी. बहुतेकांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ही ओळच नसते.

शहापुरात काय झालं?

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात एका फार्मवर सुमारे १०० पक्षी मेले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मग त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करायचा आदेश निघाला. म्हणजे बघा, मेले शंभर, गेले हजारो. शेजाऱ्याची कोंबडी धडधाकट असली तरी ती या एक किलोमीटरमध्ये येते.

आता भरपाईचा नियम नीट वाचा. सरकारी आदेशाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची ठरलेल्या दराने भरपाई मिळते. आधीच रोगाने मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. म्हणून "दोन दिवस वाट बघू" हे वाक्य या धंद्यात फार महाग पडतं.

कोणता डॉक्टर?

पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते. त्यात गाय, म्हैस, शेळी, कुत्रा आणि कोंबडी असं सगळंच येतं. त्यापुढे दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी एका विषयात करता येते. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. शहापूर-मुरबाडकरांना सगळ्यात जवळचं मोठं केंद्र हेच.

इथे एक फरक लक्षात ठेवा. 'पोल्ट्री सायन्स' घेतलेल्या डॉक्टरचा भर खाद्य, उबवणी, पैदास आणि व्यवस्थापनावर असतो. 'पॅथॉलॉजी' किंवा 'मायक्रोबायोलॉजी' घेतलेल्याचा भर रोग ओळखण्यावर असतो. म्हणून "एम.व्ही.एस्सी. आहात का?" एवढंच विचारून थांबू नका. विषय कोणता आणि किती वर्षं फार्मवर काम केलं, हेही विचारा.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर सोडायचे नाहीत हं! रोगाची खबर पहिली तिथेच द्यायची. तज्ज्ञ लागतो तो आजार येण्याआधी.

तज्ज्ञ तुमच्यासाठी काय करतो?

१. लसीचं वेळापत्रक ठरवतो. राणीखेत म्हणजे आपली मानमोडी, आणि गंबोरो, या दोन्हींच्या लसी वेळेवर आणि थंड साखळीत लागतात. गरम झालेली लस पाण्यात पैसे.

२. मेलेला पक्षी उघडून कारण सांगतो. कोंबडीच्या बाबतीत थोड्या पक्ष्यांवरून अख्ख्या लॉटचं निदान होतं. पण अचानक खूप पक्षी मेले तर कोणीही पक्षी उघडायचा नाही, शेडबाहेर काही न्यायचं नाही, थेट पशुसंवर्धन विभागाला कळवायचं.

३. उगाच दिलेली अँटिबायोटिक्स बंद करतो. विषाणूवर ती चालतच नाहीत.

हिशोब करू

समजा १,००० ब्रॉयलर आहेत. मरतूक ५ टक्के धरली होती, झाली १० टक्के. म्हणजे ५० पक्षी जास्त गेले. दोन किलोचा पक्षी आणि १०० रुपये किलो धरला, तर १०,००० रुपये गेले, एका लॉटमध्ये. आता डॉक्टरची फी महाग वाटते का?

एकट्याला परवडत नसेल तर गावातले पाच-सहा फार्मवाले मिळून एक तज्ज्ञ ठरवा. नाहीतरी त्या एक किलोमीटरमध्ये तुम्ही सगळे एकत्रच आहात. फक्त प्रत्येक शेडचे गमबूट वेगळे ठेवा.

आणि करार पद्धतीने करत असाल तर कंपनीचा सुपरवायझर म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर कधी येणार आणि भरपाई आली तर कोणाला मिळणार, हे करारात लिहून घ्या.

गृहपाठ

या आठवड्यात तीन गोष्टी करा. तालुका पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर शेडच्या दारावर लिहा. एका पोल्ट्री तज्ज्ञाला फोन करून फी विचारा. ती रक्कम प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये घाला आणि नफ्याचा आकडा परत काढा. तरीही नफा उरत असेल, तर खुशाल शेडची पायाभरणी करा!