आयुष्य वाढविणारी ऊर्जा : कथेतील आणि बाजारातील

विज्ञानकथा वाचणाऱ्यांस एक कल्पना वारंवार भेटते. कोठेतरी, गुहेत, परग्रहावर किंवा एखाद्या शास्त्रज्ञाच्या तळघरात, एक अशी ऊर्जा असते की तिचा स्पर्श होताच माणसाचे वय थांबते. ही ऊर्जा कोठून येते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे दोन प्रश्न प्रत्येक कथेला विचारून पाहावेत असे मला वाटते. कारण पुढे सांगेन.

इंग्रजीत या कल्पनेचा ठळक नमुना म्हणजे बुल्वर-लिटन यांची 1871 ची ‘द कमिंग रेस’ ही कादंबरी. तीत भूगर्भात राहणाऱ्या एका प्रगत जमातीजवळ ‘व्रिल’ नावाची शक्ती आहे. ती रोग बरे करते, दिवे लावते आणि मनात आणले तर शहरेही नष्ट करते. हे नाव इतके लोकप्रिय झाले की गोमांसाच्या अर्काच्या एका पेयाला ‘बोव्हरिल’ हे नाव त्यावरून देण्यात आले! कथेतील शक्ती दुकानाच्या फळीवर यावयास वीस वर्षेही लागली नाहीत. पुढे रायडर हॅगार्डच्या ‘शी’ या कादंबरीतील आयेशा अग्निस्तंभात न्हाऊन दोन हजार वर्षे तरुण राहते आणि दुसऱ्यांदा त्याच अग्नीत शिरताच क्षणात जराजर्जर होऊन मरते. ती आग कोठून येते, हे हॅगार्ड सांगत नाही. कथा रंगते, पण हिशेब लागत नाही.

आता आपल्याकडे वळू. आदिपर्वातील ययातीला शुक्राचार्यांच्या शापाने अकाली वार्धक्य येते. त्याला तारुण्य हवे आहे. पण ते आकाशातून पडत नाही. ते कोणा मुलाने दिले पाहिजे. थोरले नकार देतात, धाकटा पुरू देतो आणि देताच म्हातारा होतो. हजार वर्षांनी ययाती ते परत करतो. म्हणजे एकाला मिळाले तेवढे दुसऱ्याचे गेले. बेरीज तीच राहिली. पदार्थविज्ञानातील ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकताना मला हॅगार्डपेक्षा हे आख्यान जवळचे वाटले. वि. स. खांडेकरांनी 1959 च्या ‘ययाति’त ही कथा भोगलालसेच्या अंगाने नव्याने मांडली, हे मराठीच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

आधुनिक मराठी विज्ञानकथेत या विषयाला सर्वांत प्रामाणिक स्पर्श डॉ. जयंत नारळीकरांनी केला, असे माझे मत आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 1974 मध्ये त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविली. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी केली आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. कृष्णविवराच्या अगदी जवळ काळ संथ होतो, हा सापेक्षतेचा सिद्धान्त तिच्या मुळाशी आहे. येथे कोणतीही संजीवनी नाही. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. तेथे जाऊन परतलेला माणूस तरुण दिसतो. परंतु त्याला स्वतःला एकही दिवस जास्त मिळालेला नसतो. त्याच्या नाडीचे ठोके त्याच्या घड्याळाप्रमाणे नेहमीसारखेच पडले. म्हातारे झाले ते मागे राहिलेले.

मग खरोखरची ऊर्जा आयुष्य वाढवील काय? स्वस्थ बसलेले मानवी शरीर साधारण शंभर वॉटच्या दिव्याइतकी ऊर्जा खर्च करते आणि ती भाकरीतून मिळते. वार्धक्य येते ते इंधन संपल्यामुळे नव्हे. पेशींची दुरुस्ती मागे पडल्यामुळे. लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्ये दाखविले की, प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशी सुमारे पन्नास वेळा विभागून थांबतात. पोषण कितीही द्या. उलट क्लाइव्ह मॅके यांच्या 1935 च्या प्रयोगांत, पोषक पण कमी उष्मांकांचा आहार दिलेले उंदीर अधिक जगले. म्हणजे कथाकार सांगतात त्याच्या नेमके उलट!

तरीही ‘ऊर्जा’ हा शब्द विकला जातो. रेडियमचा शोध 1898 चा. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत रेडियम मिसळलेले पाणी शक्तिवर्धक म्हणून बाटल्यांतून विकू लागले. एबेन बायर्स या धनिकाने अशा हजाराहून अधिक बाटल्या रिचविल्या. त्याच्या जबड्याचे हाड झडले आणि 1932 मध्ये तो गेला. येथे ऊर्जा खरी होती, आणि तिनेच घात केला.

आता माझे कारण. गेल्या वर्षी देऊळगाव राजातच, एका कार्यालयात भरलेल्या सभेला आमचे आजोबा गेले आणि चुंबकीय गादी घेऊन आले. तिच्यातील ऊर्जेने रक्त शुद्ध होते व आयुष्य वाढते, असे प्रतिनिधीने सांगितले होते. पहिला हप्ता सोयाबीनच्या पैशांतून गेला. मी विचारले, “आबा, ही ऊर्जा येते कोठून?” ते म्हणाले, “त्यानं सांगितलं, विज्ञान आहे म्हणून.” याच उत्तराने मी हा लेख लिहावयास बसलो. फसविणाऱ्याने मंत्र म्हटला असता तर आबांनी त्याला दारातून परत पाठविले असते. आयुष्यभर त्यांनी अंगारेधुपारे मानले नाहीत. विज्ञान या शब्दाला त्यांनी मान दिला, म्हणून ते फसले.

मी त्यांना बायर्सची हकीकत सांगितली. ते गप्प बसले. मग कृष्णविवराजवळून परतणाऱ्या माणसाचे सांगितले, तेव्हा मात्र त्यांनी लगेच विचारले, “अन् तो आला तवा घरी कोण होतं त्याच्या?”

गादी अजून घरात आहे. चार हप्ते राहिले आहेत. आबा पुन्हा बाजेवर निजतात आणि धाकटा भाऊ गादीवर बसून अभ्यास करतो.