एकच गोळी, वेगवेगळी शरीरं : झिंबाब्वेचे संशोधक प्रा. कॉलेन मासिमिरेम्ब्वा



'रोज रात्री एक गोळी' असं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपण कितीदा तरी वाचतो. पण ती गोळी किती मिलिग्रॅमची असावी, हे कोणत्या लोकांवर चाचण्या घेऊन ठरलं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. झिंबाब्वेच्या प्रा. कॉलेन मासिमिरेम्ब्वा यांनी मात्र हाच प्रश्न आपल्या कामाचा विषय केला. आठवी ते दहावीच्या मुलांना अनुवंशिकता शिकवताना त्यांची ओळख जरूर करून द्या.

शिक्षण आणि पहिला शोध

झिंबाब्वे विद्यापीठात त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकलं. पुढे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधून पीएच.डी. केली. आपण घेतलेलं औषध यकृतातली विकरं म्हणजे एन्झाइम्स हळूहळू मोडतात. ही विकरं कशी बनणार ते आपली जनुकं ठरवतात. १९९६ मध्ये मासिमिरेम्ब्वा आणि सहकाऱ्यांनी अशाच एका जनुकाचा, सीवायपी२डी६चा, आफ्रिकी लोकांत आढळणारा वेगळा प्रकार जगासमोर मांडला. या प्रकारामुळे विकराचं काम मंदावतं. म्हणजे युरोपात ठरलेलं प्रमाण आफ्रिकेत जसंच्या तसं लागू पडेलच, असं नाही!

एफाविरेन्झची गोष्ट

एचआयव्हीवर एफाविरेन्झ नावाचं औषध जगभर वापरलं गेलं. प्रौढांसाठी नेहमीचा डोस होता ६०० मिलिग्रॅम. हे औषध मोडण्याचं मुख्य काम सीवायपी२बी६ हे विकर करतं. मासिमिरेम्ब्वा यांच्या गटाने झिंबाब्वेतल्या रुग्णांचा अभ्यास करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या विकराचं मंद काम करणारं जनुक तिथे फार मोठ्या प्रमाणावर आढळलं. ज्यांना ते आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेलं असतं, त्यांच्या रक्तात औषध साचत जातं. मग चक्कर, झोप न लागणं, भयंकर स्वप्नं, गोंधळल्यासारखं होणं असे त्रास होऊ शकतात.

आता विचार करा, त्रासाला कंटाळून रुग्णाने गोळ्याच बंद केल्या तर? विषाणू पुन्हा डोकं वर काढणार. रुग्ण 'ऐकत नाही' असं आपण सहज म्हणून टाकतो. पण इथे चूक रुग्णाची नसून डोसची असू शकते. अशा रुग्णांना कमी डोस पुरेल, असं या संशोधकांनी सुचवलं. पुढे अनेक देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत ४०० मिलिग्रॅमचा डोसही ६०० इतकाच परिणामकारक ठरला. आता बहुतेक ठिकाणी एफाविरेन्झऐवजी डोल्युटेग्रॅविर हे औषध आधी दिलं जातं.

परत मायदेशी

स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्राझेनेका या मोठ्या औषध कंपनीत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. तिथेच राहता आलं असतं, नाही का? पण त्यांनी हरारेमध्ये आफ्रिकन इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजी ही संस्था उभी केली. आफ्रिकी लोकांच्या जनुकांचा अभ्यास आफ्रिकेतच व्हावा, तिथलेच तरुण संशोधक तयार व्हावेत, हा त्यामागचा हेतू. जगात सर्वांत जास्त जनुकीय विविधता आफ्रिकेत आहे, पण औषधांच्या चाचण्यांत तिथल्या लोकांचा सहभाग फारच कमी राहिला आहे. २०१८ मध्ये त्यांना ह्यूगो या मानवी जनुकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा आफ्रिका पुरस्कार मिळाला.

वर्गात कसं शिकवाल?

प्लास्टिकच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. तळाशी एकीला मोठं, दुसरीला बारीक छिद्र पाडा. दोन्हींत दर मिनिटाला एक-एक कप पाणी ओता. पाणी म्हणजे औषध, छिद्र म्हणजे विकर. थोड्याच वेळात बारीक छिद्राची बाटली भरून वाहू लागते. डोस दोघींना सारखाच होता, बरं का! मग मुलांना विचारा :

१. दुसरी बाटली वाहू नये म्हणून काय बदलाल?
२. फक्त पहिल्या बाटलीवर प्रयोग केला असता, तर दुसरीचं काय झालं असतं?
३. चाचणीत सगळ्या प्रकारची माणसं का हवीत?

एक गोष्ट मुलांना आणि घरच्यांनाही आवर्जून सांगा. औषधाचा त्रास होत असेल तर गोळी मनाने कमी करायची नाही आणि बंदही करायची नाही. तो त्रास डॉक्टरांना न लाजता, सविस्तर सांगायचा. डोस बदलायचा की औषध, हे त्यांना त्यावरूनच ठरवता येतं.