मुदतबंद योजनेचा हिशेब : आधी उधारी पाहा

म्युच्युअल फंडांच्या ज्या योजना ठराविक मुदतीसाठी पैसे गोळा करून ते कंपन्यांच्या कर्जरोख्यांत गुंतवितात, त्यांना मुदतबंद उत्पन्न योजना म्हणतात. ‘एफएमपी’ हा त्यांतलाच प्रकार. मुदत संपेपर्यंत फंड पैसे परत देत नाही. युनिटची नोंद शेअर बाजारात असते, पण तेथे गिऱ्हाईक क्वचितच मिळते. म्हणून पैसे गुंतविण्यापूर्वी फंडाच्या जुन्या योजनांचे आणि गुंतविल्यावर आपल्या योजनेचे हिशेबपत्रक वाचणे आवश्यक आहे. ज्या व्यापाऱ्याला स्वतःची खातेवही समजते, त्याला हे पत्रकही समजेल.

प्रथम ताळेबंद पाहावा. एका बाजूला युनिटधारकांचे भांडवल व शिल्लक नफा, दुसऱ्या बाजूला गुंतवणूक, येणे व्याज आणि रोख. एकूण मालमत्तेतून देणी वजा करून युनिटच्या संख्येने भागले की युनिटचे मूल्य, म्हणजे ‘एनएव्ही’ निघते. समजा, दहा रुपयांची १० कोटी युनिटे आहेत, मालमत्ता ११५ कोटी व देणी १ कोटी आहेत. तर एनएव्ही ११ रुपये ४० पैसे.

दुसरे, उत्पन्न-खर्चाचे खाते. येथे व्याज जमा दिसते. पण ते सगळे हाती आलेले असतेच असे नाही. काही रोख्यांवरील व्याज मुदतीअखेर मुद्दलासह एकदमच मिळते. तोवर ते कागदावर वाढत जाते, एनएव्ही वाढविते आणि व्यवस्थापन शुल्कही त्या वाढीव रकमेवर आकारले जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर ही उधारी आहे. उधारीवरचा नफा वसुलीनंतरच खरा.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, गुंतवणुकीची यादी. पैसा कोणाकडे अडकला आहे, हे तेथेच कळते. वरील उदाहरणात एकाच उद्योगसमूहाकडे १२ कोटी असतील आणि ते बुडाले, तर एनएव्ही १० रुपये २० पैशांवर येते. एक रुपया चाळीस पैशांच्या नफ्यातून वीस पैसेच उरतात. नावे वेगवेगळी असली तरी मालक एकच आहे का, तारण काय आहे, रोख्यांची मुदत योजनेच्या मुदतीआधी संपते का, हे तपासावे.

२०१९ साली हेच घडले. एस्सेल समूहातील कंपन्यांच्या रोख्यांना झी एंटरटेनमेंटच्या शेअरचे तारण होते. जानेवारीत त्या शेअरचा भाव कोसळला. धनकोंनी सप्टेंबरअखेरपर्यंत थांबण्याचे मान्य केले. परिणामी एप्रिलमध्ये मुदत संपलेल्या कोटकच्या काही योजना युनिटधारकांना पूर्ण रक्कम देऊ शकल्या नाहीत. एचडीएफसीने एका योजनेची मुदत ३८० दिवसांनी वाढविण्याचा पर्याय पुढे केला. मुलीच्या लग्नासाठी किंवा कारखान्याच्या यंत्रासाठी नेमकी तारीख धरून बसलेल्याला असा विलंबही महाग पडतो.

आणखी एक गोष्ट हे पत्रक स्पष्ट करते. योजनेच्या नावात ‘उत्पन्न’ असले, तरी जमेची बाजू जवळजवळ सारी व्याजाचीच असते. व्याज टाळणाऱ्या बांधवांनी नावावर न जाता जमेची बाजू वाचावी.

जाहिरातीत मागच्या परताव्याचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, कर्जदारांची यादी मात्र आतल्या पानावर असते. वाचन त्या पानापासून सुरू करावे.